वाइल्डर कुटुंबाचे कोल्हापूर

कोल्हापूर संस्थानाचा कारभार कंपनी सरकारच्या अंमलदारांच्या हाती असताना, इ. स. १८५२ मध्ये, रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी पत्नी एलायझासह करवीरक्षेत्री आले आणि अंबाबाईच्या या नगरीत क्रूसावरील आत्मार्पणाची कथा सांगू लागले. धर्मांतराच्या हिशेबाने फलप्राप्ती तुटपुंजीच. पण ख्रिस्ती श्रद्धेतील आशा वसुलाच्या खतावणीवर जगत नाही, आणि म्हणूनच स्वदेशी परतलेले वाइल्डर १८८७ मध्ये निवर्तल्यावर त्यांची विधवा पत्नी व कन्या ग्रेस यांनी समुद्र ओलांडून पुन्हा हिंदुस्थानाची वाट धरली. प्रवचनांपेक्षा मला हे परतणेच अधिक बोलके वाटते. १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेले पुत्र रॉबर्ट मात्र अमेरिकेतील विद्यापीठांतून हिंडत, परदेशी सेवेसाठी तरुणांना साद घालीत होते.