हाडांचे कर्करोग: गुणसूत्रांची मोडतोड नेमकी कशी होते?

माणसाच्या शरीरातील बहुतेक पेशींत ४६ गुणसूत्रे असतात. ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगातील पेशी तपासल्या, तर हा आकडा क्वचितच सापडतो. एका पेशीत साठ-सत्तर, दुसरीत नव्वदच्या आसपास, तर शेजारच्या तिसरीत आणखी वेगळेच काही. सूक्ष्मदर्शकाखाली अवाढव्य, वेडीवाकडी केंद्रके दिसतात. दोन भाग होण्याऐवजी तीन दिशांना ओढली जाणारी पेशीही दिसते. याला गुणसूत्रीय अस्थिरता म्हणतात. संख्या एकदा चुकली आणि थांबली, असे इथे होत नाही. विभाजनागणिक नव्या चुका होत राहतात.

हा आजार प्रामुख्याने १० ते २० या वयात, हाडे झपाट्याने वाढत असताना होतो. त्याची नेहमीची जागा गुडघ्याभोवती: मांडीच्या हाडाचे खालचे टोक किंवा नडगीचे वरचे टोक. त्यामुळे 'खेळताना लागले असेल' म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. वेदना वाढत असेल, रात्रीही थांबत नसेल, सूज असेल, तर डॉक्टरांना दाखवून साधा एक्स-रे काढून घ्यावा.

मग ही मोडतोड सुरू कशी होते? पेशीत पी-५३ नावाचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. डीएनए तुटला की ते विभाजन थांबवते. दुरुस्ती जमलीच नाही तर पेशीला मरायला लावते. ऑस्टिओसार्कोमाच्या बहुसंख्य गाठींत हा पहारा उठलेला असतो. अनेकदा या प्रथिनाच्या जनुकातील एखादे अक्षर बदललेले नसते, तर जनुकच मधून तुटलेले असते. फक्त अक्षरे वाचणाऱ्या चाचणीतून ते सहज निसटते. ली-फ्रॉमेनी सिंड्रोम असलेल्या कुटुंबांत हा दोष बहुधा जन्मतःच असतो, म्हणून त्यांच्यात हाडांच्या कर्करोगाचा धोकाही जास्त.

पहारा नसला की मोठे अपघात पचतात. २०११ मध्ये इंग्लंडच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील संशोधकांनी अशा एका अपघाताचे वर्णन केले आणि त्याला क्रोमोथ्रिप्सिस हे नाव दिले. पोथीची सुटी पाने वाऱ्याने उधळावीत आणि घाईने गोळा करून जमेल तशी बांधावीत, तसे एखादे गुणसूत्र एका फटक्यात चुरडते आणि भलत्याच क्रमाने जोडले जाते. काही तुकडे हरवतात, काही उलटे लागतात. त्या पाहणीत सगळे कर्करोग मिळून २ ते ३ टक्के नमुन्यांत हे आढळले. हाडांच्या कर्करोगांत मात्र सुमारे २५ टक्के. पुढच्या सखोल तपासण्यांत ऑस्टिओसार्कोमातले प्रमाण याहूनही बरेच मोठे निघाले.

रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, दोन मुलांच्या गाठींतली मोडतोड सारखी नसते आणि सगळ्यांना लागू पडेल असे एक लक्ष्य औषधाला मिळत नाही. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट ही १९८० च्या दशकात रुळलेली औषधे आजही उपचाराचा कणा आहेत. त्यांचे मोल कमी नाही: निव्वळ शस्त्रक्रियेच्या काळात फार थोडे रुग्ण वाचत, आता आजार पसरलेला नसेल तर साधारण ६० ते ७० टक्के वाचतात. पण गेल्या चार दशकांत हा आकडा फारसा हललेला नाही.

युइंग सार्कोमा हाही मुला-तरुणांच्या हाडांचाच कर्करोग, पण तिथले चित्र एकदम वेगळे. बहुतेक गाठींत ११ व्या आणि २२ व्या गुणसूत्राने तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. उरलेली गुणसूत्रे बऱ्याच अंशी शांत. ही अदलाबदल चाचणीत सापडली की निदान पक्के करायला मोठा आधार मिळतो.

कूर्चेचा कर्करोग, म्हणजे कॉन्ड्रोसार्कोमा, बहुधा चाळिशीनंतर होतो. हाडाच्या आत होणाऱ्या नेहमीच्या प्रकारात सुमारे निम्म्या गाठींत आयडीएच जनुकांत बदल असतो. सुरुवातीच्या श्रेणीत गुणसूत्रे बरीचशी जागेवर असतात आणि श्रेणी वाढते तशी गडबड वाढते. खरी पंचाईत निदानाची आहे. तोच आयडीएच बदल एन्कॉन्ड्रोमा या निरुपद्रवी गाठीतही असतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जवळपास सारख्या दिसतात. म्हणून पॅथॉलॉजिस्ट एकट्या काचपट्टीवर निर्णय देत नाहीत. एक्स-रे आणि एमआरआय शेजारी ठेवून, गाठीने आजूबाजूचे हाड कुरतडले आहे का, हे पाहतात. या कर्करोगावर केमोथेरपी सहसा चालत नाही, गाठ पूर्ण काढणे हाच मुख्य उपाय, त्यामुळे किती हाड काढायचे हे याच निर्णयावर ठरते.