लाल गेला, निळा राहिला

बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली. आमच्या जिल्ह्यातल्या त्या काळाच्या खुणा धुंडाळताना, पन्नाशीनंतर, मी पुन्हा विमानांच्या प्रतिकृतींकडे वळलो. अर्जुनी मोरगावात या छंदाला सोबती नाही. धानाच्या दिवसांत तर रंगही लवकर वाळत नाही.

१:७२ प्रमाणातले हरिकेन पंखांच्या टोकांमध्ये जेमतेम १७ सेंमी भरते. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांची क्रमांक १ स्क्वाड्रन हीच विमाने उडवत होती. ब्रिटिश चिन्हाच्या वर्तुळात मधोमध लाल असे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढला, कारण जपानी विमानांवरचा सूर्यही लालच. घाईत आपल्याच विमानावर गोळी सुटायची. अखेर उरले दोन निळे, गडद आणि फिकट.

हे निळे कुंचल्याने सपाट बसेनात, म्हणून एअरब्रश शिकलो. रंग दुधाइतका पातळ, दाब कमी, हात चालता. फार दूर धरला तर रंग हवेतच सुकतो, पृष्ठभाग खरखरीत होतो.

फिकट निळा चढवताना एक गोष्ट मात्र खटकते. वैमानिक भारतीय, पण त्या वर्तुळात भारताचे काहीच नाही. अशोकचक्र पंखांवर आले ते स्वातंत्र्यानंतर.