पाटीत उरलेली अंजिरं

पुरंदरातल्या अंजिराचा इतिहास म्हणजे पुण्याच्या वाटेचा इतिहास. कऱ्हेकाठची हलकी, निचऱ्याची जमीन आणि कोरडी हवा या फळाला मानवली. पण आंबा आढीत घालता येतो, अंजीर नाही. ते झाडावरच पिकतं आणि तोडल्यावर दिवस-दोन दिवसांत नासतं. त्यामुळं पाटीत अंजिराचीच पानं अंथरायची, त्यावर फळं रचायची आणि दिवे घाट उतरून पुणं गाठायचं. आजोबा बैलगाडीनं जायचे, दादा टेम्पोनं. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं, नाव लांबवर गेलं. फळाची घाई मात्र तीच राहिली.

२०२० च्या मार्चमध्ये ती वाटच बंद झाली. मीठा बहराचा तोडा ऐन भरात, आणि २५ तारखेपासून टाळेबंदी. ठरलेला टेम्पो येईना. झाडं तर थांबत नाहीत. खता-औषधाची उधारी दादांनी याच बहरावर फेडायची ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पडवीत पाट्यांची थप्पी लागली, आंबूस वास सुटला. दादा एवढंच म्हणाले, "घाला म्हशीपुढं," आणि गोठ्याकडं निघून गेले.

आई म्हणाली, "म्हशीला घालायचं ते घालू. आधी मला निवडू द्या."

तिनं आंबलेली, पाखरांनी टोचलेली बाजूला काढली. उरलेल्यांचे देठ आम्ही खुडले. चिकानं बोटं चुरचुरत होती. किलोभर फोडींना पाव किलो गूळ, चिंचेचा दाट कोळ, किसलेलं आलं, लाल तिखट, मीठ, दोन-चार लवंगा. मी म्हटलं, "गुळाचीच करू की." ती म्हणाली, "आरं, अंजीर नुसतं गोड. आंबट घातल्याबिगर टिकायचं न्हाई." मंद आचेवर पातेलं रटरटत राहिलं. पळीनं ओढलेली रेघ तळाशी जराशी टिकायला लागली, तसं तिनं उतरवलं. उकळून कोरड्या केलेल्या बरण्यांत चटणी गरम असतानाच भरली.

दोन पाट्या चटणीत गेल्या. काही गावात वाटल्या, बाकीच्या उकिरड्यावर. उधारी पुढच्या बहरावर ढकलली. चटणीनं आमचं साल वाचलं, असं मी म्हणणार नाही.

दादांनी महिनाभर बरणीला हात लावला नाही. मग एका सकाळी बाजरीच्या भाकरीवर स्वतःच वाढून घेतली आणि म्हणाले, "आंबट जरा कमी पडलंय."

"पुढल्या खेपेला घालीन," आई म्हणाली.

आता दर बहराला ती एक पाटी घरी ठेवते. पूर्वी बागेतलं काहीही ठेवायचं तर दादांना विचारायची. आता नुसतं सांगते. टेम्पोत एक पाटी कमी चढते, आणि दादा ती मोजत नाहीत.