भायखळ्याची सुई : वाल्डेमार हाफकिन आणि १८९७चा प्लेग

परवा एका श्रोत्यानं विचारलं, "समाजासाठी स्वतःच्या जिवावर उदार होणारी माणसं नेमकी कशी असतात हो? ती मुळातच वेगळी असतात का?" उत्तर म्हणून मी थेट एक गोष्टच सांगतो. आपल्या मुंबईतलीच आहे, पण नायक ओडेसाचा.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात गाठीचा ताप सुरू झाला आणि डॉ. अकॅशियो व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा प्लेग आहे. पुढच्या काही महिन्यांत मुंबई ओस पडायला लागली. ज्याला गाव होतं तो गावी गेला, म्हणजे बऱ्याचदा रोगही सोबत घेऊन गेला. नेमक्या त्याच वेळी, ऑक्टोबरमध्ये, एक माणूस उलट दिशेनं मुंबईत आला. वाल्डेमार हाफकिन, वय ३६.

त्याला जागा मिळाली ग्रँट मेडिकल कॉलेजात: एक खोली, एक व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या सरंजामावर प्लेगची लस करायची! जंतू वाढवायचे मांसाच्या रश्श्यात, आणि त्या रश्श्यावर चक्क तुपाचे थेंब सोडायचे. तरंगणाऱ्या तुपाला धरून जंतूंच्या वाढीचे धागे खाली लोंबायचे, गुहेतल्या लोंबकळत्या खडकांसारखे. मग उष्णता देऊन जंतू मारायचे आणि ती मेलेली वाढ टोचायची. रश्श्यासाठी गाय नको, डुक्कर नको, म्हणून बकऱ्याचं मांस. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कारण त्याच काळात सरकारी अधिकारी घराघरांत शिरून लोकांना बाहेर काढत होते आणि त्या रागाचा भडका पुढे पुण्यात रँडच्या खुनापर्यंत गेला. हा गृहस्थ मात्र कुणाच्या पोटात काय चालत नाही, याचा विचार करत बसला होता.

तीन महिन्यांत लस तयार झाली. सशांवर चालली. आता माणूस हवा. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननं स्वतःलाच १० घनसेंटिमीटर लस टोचून घेतली. नंतर इतरांना दिली त्यापेक्षा कितीतरी मोठी मात्रा. ताप आला, अंग दुखलं, आणि तो बरा झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली, आणि टोचलेल्यांत रोगही कमी झाला, मृत्यूही. (कैदी "स्वखुशीनं" पुढे आले असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तुरुंगातली स्वखुशी किती खरी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.)

आता मूळ प्रश्न. त्यानं हे का केलं? "त्याग" म्हटलं की आपण लगेच हात जोडतो आणि विचार थांबवतो. पण बघा, हे त्याचं पहिलं टोचणं नव्हतं. १८९२ मध्ये पॅरिसला पटकीची लसही त्यानं आधी स्वतःवरच घेतली होती. म्हणजे तो क्षणाचा आवेश नव्हता, ती त्याची पद्धत होती. बंगालात पटकीची लस घेऊन फिरताना त्याला कळून चुकलं होतं की परक्या साहेबाच्या हातातल्या सुईवर कुणी का विश्वास ठेवावा? सुई आधी साहेबाच्या अंगात गेलेली दिसली, तरच बोलणं पुढे सरकतं.

आणि अजून मागे जा. ज्यू घरातला मुलगा. ओडेसात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा आपल्या लोकांच्या बचावासाठी उभा राहिला, जखमी झाला, अटक झाली. धर्म बदल, मग विद्यापीठात जागा मिळेल, असं सांगितलं गेलं; यानं नकार दिला. शेवटी पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आला तो सहायक ग्रंथपाल म्हणून! मला वाटतं, १० जानेवारीची सुई त्याला आपल्याला वाटते तितकी अवघड वाटली नसावी. किंमत मोजायची सवय झालेला माणूस होता तो.

खरी किंमत पुढेच होती. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. चौकशी समितीनं ठपका ठेवला मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफकिनवर. त्याला कामावरून दूर केलं गेलं. पण बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला दुर्गंध नव्हता. धनुर्वाताचे जंतू मुंबईहूनच आत गेले असते, तर वास आला असता. एवढी साधी गोष्ट मान्य व्हायला पाच वर्षं लागली. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा कुठे सरकार हललं.

जिवाचा धोका त्यानं स्वतः निवडला होता. ही बदनामी निवडलेली नव्हती. आणि तरी तो भारतात परत आला! पण परळची आपली प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. कलकत्त्याला पाठवलं, तिथेही लशीच्या प्रयोगांना मुभा नव्हती. निवृत्त होऊन तो युरोपात गेला, लग्न केलं नाही, आणि १९३० मध्ये लोझानला वारला.

परळच्या त्या संस्थेला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव मिळालं १९२५ मध्ये. तेव्हा तो हयात होता, मुंबईपासून हजारो मैल दूर.