मॅकवर व्हीपीएन ‘कनेक्टिंग’वरच अडकतंय? नेटवर्क एक्स्टेन्शनची नोंदणी आणि सँडबॉक्स समजून घ्या

छत्रपती संभाजीनगरात घरी बसून पुण्या-मुंबईच्या किंवा परदेशातल्या कंपनीचं काम करायचं, तर लॅपटॉपवर अनेकदा ऑफिसचं व्हीपीएन लागतं. मॅकबुकवर कधीकधी ॲप उघडतं, पासवर्डही बरोबर असतो, पण जोडणी होत नाही. अशा वेळी इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी ॲपसोबत येणारं नेटवर्क एक्स्टेन्शन तपासा.

नेटवर्क एक्स्टेन्शन म्हणजे काय?

व्हीपीएन, फायरवॉल किंवा साइट ब्लॉक करणाऱ्या ॲपला कॉम्प्युटरवरून होणारी इंटरनेटची ये-जा हाताळावी लागते. पूर्वी त्यासाठी ॲपचा एक भाग थेट कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यात बसवला जाई. तिथली एक चूक अख्खं मशीन बंद पाडू शकते. १९ जुलै २०२४ रोजी विंडोजवर हेच घडलं. क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटर कोलमडले आणि भारतातल्या काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ॲपलने २०१९ च्या मॅकओएस कॅटालिनापासून हा भाग गाभ्याबाहेर चालवण्याची सोय केली. त्यालाच सिस्टम एक्स्टेन्शन म्हणतात.

नोंदणी कुठे अडते?

१. ॲपची जागा: ॲप ‘ॲप्लिकेशन्स’ फोल्डरमध्येच हवं. डाउनलोड्समधून किंवा इन्स्टॉलरच्या खिडकीतूनच उघडलं तर नोंदणी नाकारली जाते. एरर कोड ३ चा अर्थ हाच.

२. तुमची परवानगी: मॅकओएस सिक्वोयामध्ये ‘सिस्टम सेटिंग्ज’, मग ‘जनरल’, मग ‘लॉगइन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स’ उघडा. तिथे ‘नेटवर्क एक्स्टेन्शन्स’मध्ये ॲपचं बटण चालू करा. आधीच्या काही आवृत्त्यांत हे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये सापडतं.

३. सही: एक्स्टेन्शनवर कंपनीची डिजिटल सही लागते. कोड ८ म्हणजे सही ग्राह्य नाही. ॲप काढून कंपनीच्या अधिकृत साइटवरून पुन्हा घ्या. क्रॅक केलेली प्रत असेल तर आशा सोडा.

४. ऑफिसचं धोरण: कोड १० आला तर सिस्टमच्या धोरणाने मनाई केली आहे. मशीन ऑफिसचं असेल तर आयटी विभागाशीच बोला.

५. जुनी प्रत: आधीची आवृत्ती ‘रीस्टार्टनंतर निघेल’ अशा अवस्थेत अडकलेली असू शकते. मॅक एकदा रीस्टार्ट करा. ॲपच्या दोन प्रती असतील तर एकच ठेवा.

सँडबॉक्सचा संबंध काय?

सँडबॉक्स म्हणजे ॲपला आखून दिलेलं कुंपण. कोणत्या फाइल वाचायच्या, नेटवर्क वापरायचं की नाही, हे आधीच ठरलेलं असतं. शिवाय ॲप तुमच्या खात्यातून चालतं, तर सिस्टम एक्स्टेन्शन ‘रूट’ या वेगळ्या खात्यातून. त्यामुळे तुमच्या कीचेनमध्ये ठेवलेला पासवर्ड एक्स्टेन्शनला आपोआप दिसत नाही. ॲपमध्ये लॉगइन झालेलं दिसतं, पण जोडणी होत नाही, याचं हेही एक कारण असू शकतं. ही दुरुस्ती ॲप बनवणाऱ्याच्याच हातात असते. त्यांना मॅकओएसची आवृत्ती, एरर कोड आणि अडचण आल्याची नेमकी वेळ कळवा. ‘कन्सोल’ ॲपमध्ये नोंदी सुरू ठेवून अडचण पुन्हा घडवली तर त्या वेळच्या नोंदी दिसतात.

कधी दोष मॅकओएसचाच असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सिक्वोया आल्यावर अनेक सुरक्षा ॲपची नेटवर्क जोडणी बिघडली होती. ऑक्टोबरमधल्या १५.०.१ अपडेटने सुसंगतता सुधारली. म्हणून अपडेट तपासायला विसरू नका.

हे मात्र करू नका

‘एसआयपी बंद करा, लगेच चालेल’ असा सल्ला व्हिडिओंमध्ये दिसला तर थांबा. एसआयपी, म्हणजेच सिस्टम इंटिग्रिटी प्रोटेक्शन, २०१५ पासून मॅकच्या मूळ फाइलींचं रक्षण करतं. ते बंद करण्याची सोय डेव्हलपरना चाचणीसाठी आहे. ती पुन्हा चालू करायची राहिली तर एका ॲपसाठी सगळा मॅक उघडा पडतो.

आणि ‘अलाउ’ दाबण्याआधी ॲप कुणाचं आहे ते बघा. ती परवानगी मिळाली की बँकेपासून व्हॉट्सॲपपर्यंत तुमची सगळी वाहतूक त्या एक्स्टेन्शनमधून जाऊ शकते. मजकूर कुलूपबंद असला, तरी तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे त्याला कळू शकतं.