विहिरीवरचं इंजिन

परवा भंगारवाला मळ्यात आला आणि विहिरीवरच्या इंजिनाकडं बोट करून म्हणाला, "नाना, देऊन टाका. किलोला तीस रुपये देतो." साडेतीनशे किलोच्या आसपास भरेल, म्हणजे दहा हजार. मिस्तरीनं दुरुस्तीचे १६ हजार सांगितलेले. लायनर झिजलंय, रिंगा गेल्यात, कॉम्प्रेशन राहत नाही. हँडल मारून माणसाचा दम जातो, इंजिन नुसता धूर ओकतं. मुलगा म्हणाला, "नाना, मोटर आहे ना आपल्याला. कशाला खर्च?"

मी लगेच काही बोललो नाही. या इंजिनापायी घरात असाच वाद पन्नास वर्षांमागंही झाला होता.

आमचं गाव येवल्याच्या उत्तरेकडं, राजापूर-ममदापूरच्या अंगाला. पालखेडचा कालवा तालुक्यात आला, पण आमच्या शिवाराला त्याचं पाणी नाही. सगळी भिस्त विहिरीवर. विहिरीवर मोट होती. धावेवरून बैल खाली उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. १९७२च्या दुष्काळात विहीर आटली, चाऱ्यावाचून बैलजोडी गेली. वडील दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, घरात मिलोच्या भाकरी. पुढं पाऊस झाला तेव्हा सवाल पडला, नवी जोडी घ्यायची का इंजिन? १९७४ साली वडलांनी भूविकास बँकेचं कर्ज काढलं आणि इंजिन आणलं. आजी म्हणायची, "तेलाच्या वासाचं पाणी पिकाला मानवायचं नाही."

आजीचं काही नवल नव्हतं. इंजिन किर्लोस्करांचं. त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हाही लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पण पुढं तोच नांगर गावोगाव गेला. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी निघाली. साताऱ्याच्या कूपरांची इंजिनंही शेतकऱ्यांच्या माहितीतली. त्यातले धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. तेव्हा मुख्यमंत्र्याला तसं म्हणत.

इंजिन आलं आणि कांदा वाढला. मी दहावीपर्यंत शिकू शकलो ते त्याच पैशावर. पण एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली नाही. बैल दमले की मोट थांबायची, तेवढ्या वेळात झरे विहीर भरून काढायचे. इंजिन दमत नाही. दोन तासांत विहिरीचा तळ दिसायला लागला. मग आम्ही विहीर खोल केली, शेजाऱ्यानंही केली, मग बोअर आले. पाणी खाली गेलं, त्यात आमचाही हात आहे.

पुढं वीज आली, मोटर बसली आणि इंजिन कोपऱ्यात पडलं. पण दोन वर्षांमागं, ऐन कांदा लागवडीनंतर, डीपी जळाली. नवी यायला नऊ दिवस लागले. तेव्हा या म्हाताऱ्या इंजिनानंच दीड एकर कांदा जगवला. शेवटच्या दिवशी ते इतकं तापलं की बंदच पडलं, ते आजतागायत.

मी मुलाला म्हणालो, "वर्षातून किती दिवस चालतं हे बघू नको. त्या दिवसांत काय वाचतं ते बघ. दीड एकराचं बियाणं, खत, लागवडीची मजुरी धर, मग १६ हजाराचं बोल." त्यानं हिशोब मांडला आणि गप्प झाला.

मिस्तरीला निरोप धाडला. चार दिवसांनी इंजिन चालू झालं, तो फटफट आवाज ऐकून शेजारचा म्हातारा बांधावर येऊन उभा राहिला. मी तासाभरानं बंद केलं. मुलगा म्हणाला, "चालू द्या की, चांगलं चाललंय."

म्हणलं, "इंजिन चांगलं चाललंय रे. विहिरीत वाकून बघ."