एकाचे दुःख, अनेकांचे सुख

श्रोतेहो, गावच्या सभेत आपण पुष्कळदा ऐकतो, ‘चार घरांना त्रास होईल खरा, पण साऱ्या गावाचे भले होईल ना!’ आमच्या बोरगाव मेघेतही हे काही नवे नाही. या बोलण्यामागे उपयुक्ततावाद नावाचे एक तत्त्वज्ञान आहे. बेंथॅम या इंग्रज पंडिताने 1789 साली आणि मिलने 1861 साली ते मांडले. ज्याने जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख साधते, ते कृत्य चांगले.

या विचाराला नावे ठेवण्यापूर्वी त्याचे ऋण मानले पाहिजे. त्याच्या हिशेबात राजाचे दुःख एक, तर रंकाचेही एकच. मिलचे ग्रंथ वाचलेल्या आगरकरांनी 1888 साली ‘सुधारक’ काढला. रूढी किती जुनी हे विचारू नका, तिने माणसाला सुख होते की दुःख ते पाहा, ही त्यांची कसोटी. केशवपनासारख्या चालीवर त्यांनी प्रहार केले ते याच बळावर.

मग अडते कुठे? त्यासाठी लांब जायला नको, आपल्या सेवाग्रामला चला. 1939 च्या सुमारास परचुरेशास्त्री तिथे आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगापासून गांधीजींच्या ओळखीचे. पण अंगावर कुष्ठरोग. त्या काळी खात्रीचे औषध नव्हते आणि लोकांना धास्ती फार. एका बाजूला सारा आश्रम, दुसऱ्या बाजूला एक रोगी. नुसती डोकी मोजली असती, तर शास्त्रीबुवांना वाट दाखवावी लागली असती. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले, झोपडी दिली, स्वतःच्या हातांनी मालिश केले. अहिंसा मानणाऱ्याने अनेकांच्या नव्हे, सर्वांच्या हिताची धडपड करावी, असे त्यांनी 1926 सालीच लिहिले होते. सर्वोदय म्हणतात तो हाच.

उपयुक्ततावादी म्हणेल, ‘हिशेब नीट करा, म्हणजे आमचेही उत्तर हेच येईल.’ त्यात तथ्य आहे. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाला तोंड देण्याची शक्ती असते, आणि आज तो औषधांनी बरा होतो. म्हणजे अनेकांच्या पारड्यात जे पडले होते, त्यात धोका थोडा अन् भीतीच जास्त होती. पण समजा, धोका मोठाच असता तर? रोग्याला दूर ठेवावे लागले असते. तरी त्याला टाकून देता आले नसते.

धरणाखाली गाव जाते, रस्त्यात कुणाचे शेत जाते, तेव्हा हीच कसोटी लावावी. मोजणी जरूर करा. पण ज्याला किंमत मोजावी लागणार, त्याच्या ओसरीवर आधी जाऊन बसा. गुरुजींनो, उद्या वर्गात मुलांना एवढेच विचारा: त्या चार घरांत आपले घर असते तर?